रामगडची युद्धशाळा

एखाद्या देशावर परचक्र आले असता इतर देश त्याला जी मदत करतात, तिचे ढोबळ मानाने तीन प्रकार पडतात. शस्त्रे, दारूगोळा, औषधे व पैसा पुरविणे हा पहिला प्रकार. आपली माणसे त्या देशाच्या बाजूने लढावयास पाठविणे हा दुसरा. त्या देशाच्या सैनिकांना शिक्षण देऊन त्यांना स्वतःच्या बळावर लढण्यास समर्थ करणे हा तिसरा. २०२२ साली रशियाने युक्रेनवर मोठी स्वारी केली, त्यानंतर हजारो युक्रेनी सैनिकांना ब्रिटनमध्ये व इतर युरोपीय देशांत लष्करी शिक्षण देण्यात आले, हे वाचकांना ठाऊक असेलच. अशी मदत कितपत उपयोगी पडते, ती कोण कशासाठी देतो आणि देणारा निघून गेल्यावर मागे काय उरते, हे प्रश्न मात्र नवे नाहीत. जपानी आक्रमणाशी झगडणाऱ्या चीनला १९३७ ते १९४५ या आठ वर्षांत हे तिन्ही प्रकार अनुभवावे लागले. आणि त्यांतील तिसऱ्या प्रकाराचे एक मोठे प्रकरण आपल्याच देशात, रामगड येथे घडले. त्याचा हा अल्प परिचय.

चीनवरील संकट

७ जुलै १९३७ रोजी पेकिंगजवळील मार्को पोलो पुलापाशी जपानी व चिनी सैनिकांत चकमक उडाली आणि तिचे पर्यवसान उघड युद्धात झाले. शांघाय शहरासाठी चिनी सैन्य तीन महिने निकराने लढले; तथापि ते शहर पडले. १३ डिसेंबर १९३७ रोजी राजधानी नानकिंग जपान्यांच्या हाती गेली व तेथे नागरिकांची भीषण कत्तल झाली. १९३८ च्या ऑक्टोबरात कँटन व वूहान ही शहरेही गेली. चँग कै-शेक यांच्या सरकारने आपले ठाणे दूर पश्चिमेस डोंगराळ मुलखात, चुंगकिंग येथे नेले. पण शरणागती पत्करली नाही.

चीनपाशी माणसांची वाण नव्हती. वाण होती ती कारखान्यांची, तोफांची, विमानांची आणि शिकलेल्या अधिकाऱ्यांची. समुद्रकिनारा व मोठी बंदरे शत्रूच्या ताब्यात गेल्यामुळे बाहेरून माल आणण्याच्या वाटाही एकामागून एक बंद होत चालल्या होत्या. अशा वेळी परदेशांकडे हात पसरण्यावाचून गत्यंतर नव्हते.

देणाऱ्याचे हित

आज नवल वाटेल, परंतु चिनी सैन्याचे आरंभीचे आधुनिक शिक्षक जर्मन होते. सेनापती फाल्केनहाउसेन यांच्या प्रमुखत्वाखालील जर्मन सल्लागारांनी काही निवडक डिव्हिजनांना नव्या पद्धतीचे शिक्षण दिले होते आणि शांघायच्या लढाईत त्यांच्यापैकी बऱ्याच डिव्हिजना खर्ची पडल्या. जर्मनीला त्या मोबदल्यात चीनमधील टंगस्टन हा धातू हवा होता. पुढे हिटलरने जपानशी सख्य वाढविण्याचे ठरविले आणि १९३८ साली हे सगळे सल्लागार परत बोलाविले. युद्ध ऐन भरात असताना शिष्याला सोडून गुरू घरी गेले.

त्यांची जागा सोव्हिएट रशियाने घेतली. ऑगस्ट १९३७ मध्ये चीन व रशिया यांच्यात अनाक्रमणाचा करार झाला आणि रशियाने उधारीवर विमाने, तोफा व दारूगोळा देण्यास आरंभ केला. हा माल सिंक्यांगच्या वाळवंटातून हजारो मैलांचा प्रवास करून येई. सोबत सोव्हिएट वैमानिकही स्वयंसेवक म्हणून आले व दोनशेहून अधिक सोव्हिएट वीर चीनच्या भूमीवर कामी आले. उधारीची फेड चीनने खनिजे, चहा व लोकर देऊन केली. परंतु रशियाला युरोपात जर्मनीचे भय होते; पूर्वेस जपान गुंतून राहावा, एवढाच त्याचा हेतू होता. १३ एप्रिल १९४१ रोजी रशियाने जपानशी तटस्थतेचा करार केला आणि चीनला मिळणारी मदत आटत गेली.

ब्रिटनचे वर्तनही याहून निराळे नव्हते. ब्रह्मदेशातील लाशिओपासून चीनमधील कुनमिंगपर्यंत सुमारे १,१५० किलोमीटरची सडक चिनी मजुरांनी १९३८ अखेर तयार केली होती. जवळजवळ दोन लाख माणसे या कामावर होती. तरुण पुरुष आघाडीवर गेलेले असल्यामुळे त्यांत म्हातारे, बायका व मुले यांचा मोठा भरणा होता. खडी हातांनी फोडली गेली आणि दगडी रूळ माणसांनी ओढले. एवढ्या कष्टाने उघडलेली ही वाट जुलै १९४० मध्ये ब्रिटनने जपानच्या धाकाने तीन महिने बंद केली, कारण त्या वेळी ब्रिटन स्वतःच जर्मनीपुढे एकाकी झुंजत होता.

यावरून पहिली गोष्ट ध्यानात येते. परराष्ट्राची मदत देणाऱ्याच्या हितसंबंधांना बांधलेली असते. ते बदलले की मदतही बदलते. यात रागावण्यासारखे काही नाही, परंतु विसरण्यासारखेही नाही.

उडते वाघ

मदतीच्या दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण म्हणजे ‘उडते वाघ’ या नावाने गाजलेले अमेरिकन वैमानिक. क्लेअर शेनॉल्ट हे निवृत्त अमेरिकन अधिकारी १९३७ पासून चीनच्या विमानदलाचे सल्लागार होते. १९४१ साली त्यांच्या नेतृत्वाखाली सुमारे शंभर लढाऊ विमानांचे एक पथक उभे राहिले. त्यातील वैमानिक अमेरिकन सैन्यातून मोकळे होऊन करारावर आले होते. जपानी विमाने वळण्यात अतिशय चपळ. म्हणून त्यांच्याशी घिरट्या घालीत झुंजू नये, उंचावरून झेप घालावी, मारा करावा आणि वेगाने निघून जावे, अशी युक्ती शेनॉल्ट यांनी आपल्या वैमानिकांना शिकविली. २० डिसेंबर १९४१ रोजी कुनमिंगजवळ त्यांनी पहिली झुंज दिली.

तथापि या पथकाच्या यशाचा एक आधार जमिनीवर होता. शत्रूची विमाने दिसताच टेलिफोनने वा बिनतारी यंत्राने सूचना देणाऱ्या चिनी टेहळ्यांचे जाळे गावोगाव पसरलेले होते. त्यांनी वेळेवर वर्दी दिली नसती, तर विमाने जमिनीवरच जळाली असती. ४ जुलै १९४२ रोजी हे पथक विसर्जित होऊन त्याची जागा अमेरिकेच्या नियमित विमानदलाने घेतली. करार संपला, बरेचसे वैमानिक घरी गेले. त्यांनी चुंगकिंग सरकारला श्वास घेण्यास अवधी मिळवून दिला, यात शंका नाही. पण चीनचे पायदळ होते तेथेच राहिले.

रामगड

१९४२ च्या पूर्वार्धात जपानने ब्रह्मदेश जिंकला. एप्रिलअखेर लाशिओ पडले आणि चीनची शेवटची सडक तुटली. ब्रह्मदेशाच्या रक्षणासाठी आलेल्या चिनी फौजेपैकी काही भाग मायदेशी परतला व काही भारताकडे वळला. सेनापती सुन लि-जेन यांची ३८ वी डिव्हिजन शिस्तीने माघार घेत मणिपूरकडे आली. २२ व्या डिव्हिजनचे मात्र ऐन पावसाळ्यात उत्तर ब्रह्मदेशाच्या अरण्यात उपासमारीने व रोगराईने अतोनात हाल झाले.

या थकल्याभागल्या सैनिकांना रामगड येथे ठेवण्यात आले. हे गाव त्या काळी बिहारच्या हजारीबाग जिल्ह्यात होते, आज ते झारखंड राज्यात आहे. मार्च १९४० मध्ये मौलाना आझाद यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले होते, तेच हे रामगड. महायुद्धात तेथे इटालियन युद्धकैद्यांची छावणी होती. ऑगस्ट १९४२ मध्ये त्याच जागी चिनी सैनिकांचे शिक्षण सुरू झाले. ही कल्पना अमेरिकन सेनापती जोसेफ स्टिलवेल यांची. त्यांनी पूर्वी चीनमध्ये अनेक वर्षे काढली होती, त्यांना चिनी भाषा येत असे, आणि चिनी शिपायाला पोटभर अन्न, चांगली बंदूक व नीट शिक्षण मिळाले तर तो जगातील कोणत्याही शिपायाच्या तोडीस तोड ठरेल, असा त्यांचा ठाम विश्वास होता.

या शाळेची व्यवस्था तीन देशांत वाटलेली होती. छावणी, अन्न, कपडे व रुपयांत मिळणारा पगार यांचा भार भारतातील ब्रिटिश सरकारने उचलला. शस्त्रे व शिक्षक अमेरिकेने दिले. माणसे आणि त्यांचे अधिकारी चीनचे. आसामातून हिमालयाच्या पूर्वेकडील डोंगररांगा ओलांडून चीनला माल नेणारी विमाने परत येताना रिकामी येत. त्यांतून नव्या शिपायांना भारतात आणले जाई. कित्येक जण हाडांचे सापळे होऊन आलेले असत. म्हणून शिक्षणाचा खरा पहिला धडा भोजनगृहात व दवाखान्यात सुरू होई. अन्न, लस व औषध मिळताच अल्पावधीत त्यांची वजने वाढली व अंगात त्राण आले.

पुढे बंदूक, मशीनगन व उखळी तोफा चालविणे, तोफखान्याचा मारा अचूक ठिकाणी आणणे, बिनतारी संदेश पाठविणे, मोटार हाकणे, जखमींची शुश्रूषा करणे आणि अरण्यात लढणे, असे निरनिराळे वर्ग चालत. रणगाड्यांचीही एक तुकडी तेथे तयार झाली. शिकविणारा इंग्रजी बोले आणि शिकणारा चिनी, मध्ये दुभाषी. शब्दांचा असा खोळंबा होऊ लागला, तेव्हा शिक्षकाने स्वतः कृती करून दाखवावी आणि शिपायाने ती तशीच करावी, हीच रीत मुख्य ठरली. हाताने केलेले हात विसरत नाही, हे कोणत्याही कारागिराच्या मुलाला सांगावे लागत नाही. लष्करी शिक्षणातही तोच अनुभव आला.

आणखी एक सुधारणा वरवर क्षुल्लक, पण फार मोलाची होती. चिनी सैन्यात पगाराची एकूण रक्कम पलटणीच्या प्रमुखाकडे देण्याची चाल होती. त्यामुळे कागदावर शिपाई अधिक व रांगेत कमी, असा प्रकार घडे आणि उरलेला पैसा कोठे जाई हे कोणी विचारीत नसे. रामगड येथे प्रत्यक्ष हजर असलेल्या शिपायाच्या हातावर पगार ठेवण्याचा आग्रह धरण्यात आला. काही अधिकाऱ्यांना हे रुचले नाही. परंतु आपला पगार व आपले जेवण मध्येच कोणी खात नाही, असे शिपायास दिसले म्हणजे त्याचा सेनेवरचा विश्वास किती वाढत असेल, याची कल्पना करता येते.

युद्धसमाप्तीपर्यंत ५०,००० हून अधिक चिनी अधिकारी व शिपाई रामगडातून शिकून बाहेर पडले.

परीक्षेचा दिवस

शाळेची पारख परीक्षेत होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये रामगडची ही सेना आसामातील लेडो येथून उत्तर ब्रह्मदेशाच्या हुकाँग खोऱ्यात उतरली. समोर होती जपानची १८ वी डिव्हिजन. हिनेच १९४२ साली सिंगापूर जिंकण्यात भाग घेतला होता. आरंभी चिनी तुकड्या अडखळल्या, काही वेढल्याही गेल्या. परंतु त्या हटल्या नाहीत. पावलापावलाने त्यांनी शत्रूला मागे रेटले. १७ मे १९४४ रोजी अमेरिकन व चिनी सैनिकांनी मिळून मिचिना येथील विमानतळ घेतला आणि ३ ऑगस्ट रोजी, अतिशय रक्तपात होऊन, ते शहर पडले. त्याच सुमारास युनान प्रांतात अमेरिकन शिक्षकांच्या मदतीने तयार झालेली दुसरी चिनी फौज साल्वीन नदी ओलांडून पश्चिमेकडे येत होती. जानेवारी १९४५ मध्ये दोन्ही फौजांची भेट झाली.

सैन्याच्या पाठोपाठ लेडोची सडक पुढे सरकत होती. तिच्यावर अमेरिकन इंजिनिअर पलटणी, चिनी सैनिक व हजारो भारतीय मजूर राबले. ४ फेब्रुवारी १९४५ रोजी या मार्गाने निघालेला पहिला मोटारतांडा कुनमिंगला पोहोचला. तोवर सगळा भार विमानांवर होता. १९४२ ते १९४५ या काळात डोंगरांवरून सुमारे ६,५०,००० टन माल चीनला नेण्यात आला आणि त्या वाटेवर सुमारे ६०० विमाने नष्ट झाली. मदत हा शब्द उच्चारण्यास सोपा आहे. तिच्या एकेका खोक्यामागे किती प्राण पणास लागतात, हे या आकड्यांवरून समजते.

नाण्याची दुसरी बाजू

एवढ्यावरून सर्व काही सुरळीत झाले असे मानणे चुकीचे ठरेल. १९४४ च्या एप्रिलपासून जपानने पूर्व चीनमध्ये फार मोठी चढाई केली. चीनचे उत्तम शिकलेले सैन्य त्या वेळी ब्रह्मदेशात गुंतले होते, आणि इकडे एकामागून एक शहरे व विमानतळ पडत होते. हा माझा देश, प्रथम त्याचे रक्षण करू द्या, असे चँग यांचे म्हणणे. सडक उघडल्यावाचून तुमच्या सैन्याला शस्त्रे कशी पोहोचणार, असे स्टिलवेल यांचे म्हणणे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते. अखेर सर्व चिनी सैन्याचे आधिपत्य स्टिलवेल यांच्याकडे द्यावे, अशी मागणी अमेरिकेच्या अध्यक्षांनी केली, तेव्हा चँग यांनी ती साफ नाकारली. ऑक्टोबर १९४४ मध्ये स्टिलवेल यांना परत बोलाविण्यात आले. शिक्षक घ्यावा, शस्त्र घ्यावे. पण युद्ध कसे व कोठे लढावे हा निर्णय परक्याच्या हाती द्यावा काय? येथे प्रश्न स्वाभिमानाचा होता, तसाच स्वातंत्र्याचाही होता.

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना येथे ग्वाल्हेरच्या शिंद्यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. महादजी शिंद्यांनी १७८४ साली द बॉयन या युरोपीय सेनानीस नोकरीस ठेवून कवायती पलटणी उभ्या केल्या आणि त्या पलटणींनी उत्तर हिंदुस्थानात मोठा पराक्रम गाजविला. परंतु शिपाई आपले, हुकूम देणारे मात्र परके, अशी ती रचना होती. १८०३ साली इंग्रजांशी युद्ध जुंपताच सेनापती पेराँ व इतर अनेक युरोपीय अधिकारी चाकरी सोडून गेले. पलटणी असई व लासवारी येथे शौर्याने लढल्या. पण त्यांना चालविणारे हात ऐन वेळी नाहीसे झाले होते. रामगड येथे शिकविणारे परके असले, तरी डिव्हिजनांचे नायक सुन लि-जेन व लिआओ याओ-शिआंग हे चिनीच राहिले. या दोन उदाहरणांतील भेद बारकाईने पाहण्यासारखा आहे.

सोलापूरचा डॉक्टर

चीनला भारतीयांनीही मदत केली, आणि तीही स्वतः पारतंत्र्यात असताना. चिनी सेनापती चू तेह यांच्या विनंतीवरून राष्ट्रीय सभेने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्या वेळी सभेचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. सप्टेंबर १९३८ मध्ये हे पथक मुंबईहून निघाले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर व सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे दोघे महाराष्ट्रीय होते. इतर सहकारी यथाकाल परतले. कोटणीस मात्र उत्तर चीनमधील आठव्या मार्ग-सेनेबरोबर राहिले.

त्यांनी आघाडीवर शस्त्रक्रिया केल्या, हे सर्वांस ठाऊक आहे. तितकेच महत्त्वाचे असे दुसरे काम त्यांनी केले, ते शिकविण्याचे. ते चिनी भाषा शिकले व त्या भाषेत चिनी विद्यार्थ्यांना वैद्यकाचे पाठ देऊ लागले. १९४१ साली कॅनडाचे कीर्तिशेष डॉक्टर बेथून यांच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. एक डॉक्टर गेला, परंतु त्याने शिकविलेले हात पुढेही जखमा शिवीत राहिले. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली त्यांच्या जीवनावर चित्रपट काढला, त्यामुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले.

मागे काय उरले?

१९४५ साली जपान शरण आला. पण त्यानंतर लवकरच चीनमध्ये यादवी युद्ध पेटले आणि रामगडात शिकलेल्या सैन्याला मांचुरियात आपल्याच देशबांधवांशी लढावे लागले. १९४८ साली लिआओ याओ-शिआंग तेथे कम्युनिस्ट सैन्याच्या हाती सापडले. सुन लि-जेन तैवानला गेले. १९५५ पासून तेहतीस वर्षे त्यांना स्थानबद्धतेत काढावी लागली. ज्या भारतभूमीत चिनी सैनिक शिकले, तिच्यावर १९६२ साली चीनच्या नव्या राजवटीने आक्रमण केले, आणि त्या वेळी अमेरिका व ब्रिटन यांच्याकडे शस्त्रांची मागणी करण्याची पाळी भारतावर आली. शिक्षण सामर्थ्य देते. ते सामर्थ्य कोणत्या कार्यास लागेल, हे शिक्षकाला ठरविता येत नाही. मदतीने मैत्री कायमची विकत घेता येत नाही, हाही या इतिहासाचाच भाग आहे.

तरीही प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर मिळू शकते. वस्तू संपतात, करारावर आलेले योद्धे घरी जातात, सडका गवताखाली जातात. जे शिकविले जाते ते घेणाऱ्याचे होऊन राहते. मात्र त्याला दोन अटी आहेत. घेणाऱ्याने मदतीची वाट न पाहता आपल्या पायांवर उभे राहिलेले असावे. चीन अमेरिका युद्धात उतरण्यापूर्वी चार वर्षांहून अधिक काळ झुंजला होता, म्हणूनच त्याला मदत करण्यात अर्थ होता. दुसरी अट ही की निर्णयाची सूत्रे घेणाऱ्याच्याच हाती राहिली पाहिजेत.

रामगडजवळ आजही एक चिनी दफनभूमी आहे. रणांगण पाहण्यापूर्वीच, शिक्षण घेता घेता आजाराने वा अपघाताने जे सैनिक मरण पावले, त्यांच्या कबरी तेथे आहेत. त्याच रामगडात आज आपल्या भूदलाच्या पंजाब व शीख रेजिमेंटांची शिक्षणकेंद्रे आहेत.

अभ्यासासाठी

१. नकाशात लेडो, मिचिना, लाशिओ, कुनमिंग व चुंगकिंग ही ठिकाणे शोधा आणि १९४२ नंतर चीनला माल नेण्यास विमानांवाचून मार्ग का उरला नाही, ते सांगा.

२. जर्मनी, रशिया व ब्रिटन यांनी चीनविषयीचे आपले धोरण कोणत्या वर्षी व का बदलले, याचे कोष्टक करा.

३. शिंद्यांच्या कवायती पलटणी आणि रामगडची सेना यांत साम्य कोणते व भेद कोणता?

४. चँग यांचे म्हणणे बरोबर की स्टिलवेल यांचे? आपल्या वर्गात दोन्ही बाजूंनी चर्चा करा.